नानांचा ढोल

पूल आला की नाना स्कूटर थांबवत. मग तो तापीवरचा मोठा पूल असो, गिरणेवरचा असो, नाहीतर चोपड्याच्या रस्त्यावरची एखादी मोरी असो. स्कूटर कडेला लावायची, डिकीतून अ‍ॅल्युमिनियमची परात काढायची, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि तरातरा खाली उतरायचं. मागे बसलेल्या माणसाने वर उन्हात थांबायचं. मी अशी कितीदा तरी थांबले आहे. येणारे-जाणारे विचारायचे, "काय हरवलं का हो?" मी "नाही" म्हणायचे आणि ते आणखीच कुतूहलाने कठड्यावरून वाकून बघायचे.

खाली नाना पाण्याच्या कडेला उकिडवे बसलेले असत. परातीत वाळू घेऊन ती पाण्यात गोल फिरवायची, हलकं ते सांडू द्यायचं, जड ते तळाशी ठेवायचं. शेवटी परातीच्या कडेला काळ्या वाळूची एक बारीक रेघ उरे. ती उन्हात तिरकी धरून बघत, "नाही" म्हणत आणि पाण्यात झटकून टाकत. वर येताना चेहऱ्यावर समाधान.

सोनं न मिळाल्याचं एवढं कसलं समाधान, असं मी एकदा विचारलं.

"आता कळलं ना," ते म्हणाले. "वर होतो तोवर नुसतं वाटत होतं."

जळगावच्या एमआयडीसीत नानांचा कारखाना होता. एका बाजूला प्लास्टिकच्या चटया विणणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला डाळ मिल, मध्ये आमची शेड. नदीकाठच्या गाळात मिसळलेलं सोनं धुऊन काढणारे मोठे प्लँट आम्ही बनवायचो. आपल्याकडे त्यांना गिऱ्हाईक नाही. ते जायचे आफ्रिकेत, जिथे नद्या डोंगरातून सोनं घेऊन उतरतात. तासाला शंभर टन माती खाणारा प्लँट उभा राहिला की आमची शेड ठेंगणी वाटायची. वर हॉपरमध्ये माती आणि दगडगोटे टाकायचे. तिथून ते एका फिरत्या, भोकाभोकांच्या लोखंडी नळकांड्यात जायचे, आत पाण्याचे फवारे. मोठे दगड पुढच्या तोंडाने बाहेर, बारीक वाळू भोकांतून खाली. खाली उतरत्या पन्हळी आणि त्यांत रबराच्या खाचांच्या चटया. पाणी वाळूला घेऊन पुढे जातं, सोनं जड म्हणून खाचेत बसतं. त्या फिरत्या नळकांड्याला इंग्रजी नाव आहे, पण कारखान्यात सगळे त्याला ढोल म्हणत.

मी सावद्याची. घरी केळीची शेती. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ड्रॉइंगच्या कामासाठी नानांकडे मुलाखतीला गेले, तेव्हा त्यांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. शेडला लागूनच असलेल्या त्यांच्या घराच्या अंगणातल्या हौदापाशी नेलं, परात हातात दिली आणि म्हणाले, "धू." मी नवीन ड्रेस सावरत परात फिरवली आणि आतलं सगळंच्या सगळं हौदात सांडलं. नाना बराच वेळ हौदाकडे बघत राहिले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळा कारखाना अक्का म्हणे, त्या ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पोर ड्रॉइंग काढायला आली आहे. तिला काय नदीत बसवता?"

"सोनं कसं निसटतं ते हिने हाताने पाहिलं नाही, तर ते धरणारी पन्हळ ही कशी काढेल?" नाना म्हणाले. नोकरी मिळाली. पण पहिला महिनाभर मला टेबल मिळालं नाही, हौदच मिळाला.

सोनं घ्यायला जिथे लांबलांबून लोक येतात, त्या गावात जन्म काढून नानांच्या अंगावर गुंजभर सोनं कधी दिसलं नाही. लग्नात जावई म्हणून त्यांच्या बोटात कोणी अंगठी घातली, तर ती मांडवातच अक्कांकडे यायची. दुसऱ्यांच्या दागिन्यांकडे मात्र ते असे रोखून बघत की अक्कांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा एका वरमाईला त्यांनी भर पंगतीत सांगितलं, "तुमच्या पाटल्या एकमेकींवर घासतात. अर्धी झीज नळाखाली भांडी घासताना वाहून गेली बघा." त्या बाईंनी हात पदराखाली घेतले ते जेवण संपेपर्यंत.

हे सगळं त्यांना वडिलांकडून आलं होतं. वडील झारेकरी. जुन्या जळगावात सोनारांच्या दुकानांतला केर, भट्टीची राख, अगदी दारातल्या गटारातला गाळसुद्धा विकत घ्यायचा आणि धुऊन त्यातले सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा धंदा. कण गोळा करायला पारा लागे. पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा चुलीवर तापवायचा, पारा उडून जातो आणि सोनं उरतं. चूल एकच, घरातली. नानांच्या वडिलांचे हात आधी थरथरायला लागले, मग दात गेले, मग त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. "ते मला शेवटी शेठ म्हणायचे," एवढंच नानांनी एकदा सांगितलं होतं. 

त्यामुळे कारखान्यात पाऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती. एका मोठ्या गिऱ्हाइकाने प्लँटच्या शेवटी पाऱ्याची टाकी जोडून मागितली होती. नाना गावातल्या लोकांशी शुद्ध मराठी बोलत, पण संताप झाला की अहिराणीवर येत. त्या माणसाला त्यांनी खुर्चीवरून उठवलं. "पारा मना आठे नही. निंघ आठून!" तो माणूस परभाषिक होता. तरी निघाला.

गिऱ्हाईक पळवून लावण्यात नानांचा हात कोणी धरला नसता. फोन आला की पहिला प्रश्न, "तुमच्या नदीत सोनं आहे का?" समोरचा म्हणायचा, आहे ना, सगळे म्हणतात. नाना म्हणायचे, "सगळ्यांना राहू द्या. तुम्ही परात घेऊन किती वेळा बसलात?" बसला नसेल तर ते त्याला आधी बसून यायला सांगत. ऑफिसात आम्ही कपाळाला हात लावायचो. पण जे परतून येत ते मग घरचेच होत. आफ्रिकेहून आलेला एक धिप्पाड पाहुणा अक्कांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाताना मी पाहिला आहे. तिखटाने डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तो पुन्हा ताट पुढे करत होता. नाना त्याच्या शेजारी बसून ढोलाचा उतार किती असावा हे मिठाच्या साहाय्याने ताटात समजावून देत होते.

त्यांच्याबद्दल गोड तेवढंच सांगावं असा हा माणूस नव्हता. माझी ड्रॉइंगं त्यांनी फाडली आहेत. चाचणीच्या दिवशी ढोल फिरत असताना कोणी बोललं तर त्याला शेडबाहेर काढत. तळहात ढोलाच्या पत्र्याला लावून डोळे मिटून उभे राहात आणि तेवढ्यात कोणाचा मोबाइल वाजला, तर तो दिवस सगळ्यांचाच वाया जायचा. चूक त्यांची असली तरी कबूल करत नसत. दुसऱ्या दिवशी अक्कांच्या हाती त्या माणसासाठी शेव पाठवून देत, की समजून घ्यायचं.

त्यांनी एकच चूक तोंडाने कबूल केलेली मी ऐकली. ती शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी.

तो काळ कारखान्याला वाईट होता. शंभर टनांचा एक प्लँट तयार होऊन शेडमध्ये उभा होता आणि ज्याचा होता त्याने ऐन वेळी माघार घेतली होती. वेल्डर रिकामे बसून होते. अशात एक कंपनीवाले साहेब आले. म्हणाले, शिरपूरच्या पलीकडे डोंगराखाली एका पाड्याच्या नाल्यात सोनं सापडलं आहे. लोकांच्या जमिनी करारावर घ्यायच्या आहेत, पण लोक कचरतात. मोठं मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर चालवून दाखवा. मशीन पसंत पडलं की असे आणखी प्लँट तुमच्याकडूनच घेऊ. नानांनी नेहमीचा प्रश्न विचारला. साहेबांनी कुठल्याशा प्रयोगशाळेचा रिपोर्ट पुढे केला. नानांनी तो वाचला, शेडकडे पाहिलं, रिकाम्या बसलेल्या माणसांकडे पाहिलं आणि हो म्हणाले. परात घेऊन ते आधी गेले नाहीत. तेव्हा आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की नाना आता धंदा करायला लागले.

दिवाळी होऊन गेली होती. नाल्याला पाणी होतं. ट्रेलरवरून सुटे भाग नेऊन आम्ही नाल्याच्या काठी प्लँट उभा केला. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती खड्डे. काठ सगळा उकरलेला होता. काही महिन्यांपूर्वी कंपनीच्या माणसांनी लोकांकडून मूठमूठ वाळू पैसे देऊन विकत घेतली होती. तेव्हापासून जो तो काठ खणत सुटला होता. उभ्याच्या उभ्या कडा, काही ठिकाणी तर आत बोगद्यासारखं पोखरलेलं. ज्या काठावर त्यांची ज्वारी आणि भुईमूग व्हायचा, तोच काठ.

एके ठिकाणी कडा खाली बसलेली दिसत होती. तिच्यापाशी एक माणूस उभा होता. त्याचं नाव रुमल्या. पावसाळ्यानंतर त्याचा धाकटा भाऊ तिथे खणत असताना वरची कडा कोसळली होती. लोकांनी हातांनी माती उपसली, पण उशीर झाला. पाड्यातले लोक म्हणूनच करारावर अंगठे द्यायला कचरत होते. शिवाय ज्या जमिनींचे पट्टे, म्हणजे हक्काचे कागद, त्यांना वर्षानुवर्षं खेटे घालून नुकते मिळाले होते, त्याच जमिनी द्यायच्या होत्या.

रुमल्याभाऊ मला म्हणाले, "ताई, आज सोनं निघालं तर मी अंगठा देणार. भाऊ गेला. निदान त्याचं काम खरं होतं एवढं तरी होईल."

चाचणीला सगळा पाडा जमला. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. कंपनीच्या माणसांनी वाळूचा ढीग आधीच लावून ठेवला होता. जेसीबीने तो हॉपरमध्ये टाकला, पंप सुरू झाले, ढोल फिरू लागला. दगड आपटण्याचा तो आवाज डोंगरावर आदळून परत येत होता. ढीग संपला, पाणी स्वच्छ झालं, पन्हळीतल्या चटया काढून टपात धुतल्या. नानांनी टपातलं परातीत घेतलं आणि फिरवलं. काळ्या रेघेच्या टोकाला पिवळी रेघ आली.

बघणाऱ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. कोणी हलगी आणलीच होती, ती वाजायला लागली. साहेबांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. आमची शेड वाचली होती.

नानांनी खिशातून भिंग काढलं. भिंगातून बघितलं, मग परात माझ्यापुढे धरली. इतकी वर्षं ते हौदावर बसवत आले होते, त्यामुळे मलाही दिसलं. पाण्यातून घरंगळत आलेला कण चपटा असतो, त्याच्या कडा झिजलेल्या असतात. हे कण कोयत्यासारखे वळलेले, धारदार होते. कानशीने घासल्यावर पडतात तसे. असलेच कण नानांच्या वडिलांनी आयुष्यभर सोनारांच्या केरातून काढले होते.

मी नानांकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. गप्प बसले असते, तर कोणालाही काही कळलं नसतं. मीही बोलले नसते, असं मला आज वाटतं. भिंग त्यांनी खिशात ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "पुन्हा धुवायचं."

साहेब हसले. "आता कशाला? सगळ्यांनी बघितलं की."

"हा ढीग तुमचा होता. आता लोकांनी आणलेली माती धुवू. ज्याला जिथून आणायची तिथून आणा."

"वेळ नाही नाना. जेसीबी परत जायचा आहे."

"जाऊ द्या. प्लँट माझा आहे, डिझेल माझं आहे."

लोकांना ते आवडलं. प्रत्येकाला आपल्या खड्ड्याची खात्री होती. टोपल्या आल्या, पाट्या आल्या, माणसांची रांग लागली. तासाला शंभर टन खाणारा तो प्लँट त्या दुपारी टोपल्यांवर चालला. ढोल जवळजवळ रिकामाच गडगडत होता. चटया काढल्या, धुतल्या, परात फिरवली. काळी रेघ आली. पिवळी नाही. पुन्हा टोपल्या, पुन्हा काळी रेघ. हलगी थांबली.

नाना हॉपरच्या शिडीवर चढले. "भाऊ हो, मघाशी निघालं ते सोनं सोनाराच्या दुकानातलं आहे. कानशीने घासून त्या ढिगात कालवलेलं. तुमच्या नाल्यात सोनं नाही. यांना फक्त तुमच्या जमिनी हव्या आहेत."

साहेब गोंधळले नाहीत, ही त्यांची हुशारी. ते लोकांकडे वळून शांतपणे म्हणाले, "यांच्या मशीनलाच सोनं धरता येत नाही. एकदा धरलं, नंतर सोडलं. मशीन खराब आहे. आपण दुसरं आणू."

आणि लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. मला त्यात लोकांची चूक वाटत नाही. एक माणूस सांगत होता की तुझ्या पायाखाली सोनं आहे आणि एक सांगत होता की नाही. कोणीतरी ओरडलं, "चोर आहे म्हातारा! धरून ठेवलं असेल आत!" एक दगड ढोलावर येऊन आदळला. नाना शिडीवर तसेच उभे. आपला प्लँट खरा आहे हे दाखवायला त्यांना सोनं हवं होतं, आणि सोनं तर त्यांच्याजवळ कधीच नसे.

अक्का आमच्या स्वयंपाकासाठी सोबत आल्या होत्या. त्या गर्दीतून पुढे आल्या. गळ्यातली मंगलपोत त्यांनी हातात धरली, दाताने दोरा तोडला, एक सोन्याचा मणी काढून घेतला आणि उरलेल्या पोतीला गाठ मारून ती पुन्हा गळ्यात घातली. लग्नात घातलेली पोत होती ती. त्या पाड्यातल्या बायका एकटक बघत होत्या.

"हाऊ मणी ल्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घासा. उशीर नका करू."

नाना खाली आले. मणी घेताना त्यांनी अक्कांकडे बघितलं नाही. सगळ्यांच्या समोर, कागदावर, कानशीने त्यांनी तो मणी घासला. पार संपेपर्यंत घासला. तो चुरा रुमल्याभाऊंच्या हाती दिला. "तूच टाक. तुला हवा त्या टोपलीत कालव. मला दाखवू नको."

रुमल्याभाऊंनी रांगेतल्या कुठल्याशा टोपलीत तो कालवला. टोपल्या एकामागून एक हॉपरमध्ये गेल्या. ढोल फिरला. मी प्रार्थना वगैरे करणारी नाही, पण तेव्हा माझे हात आपोआप जुळले होते. चटया काढल्या, धुतल्या. नानांनी परात रुमल्याभाऊंच्या हातात दिली, त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले आणि फिरवली.

काळ्या रेघेच्या टोकाला पिवळी रेघ आली.

"थोडं चटईत राहिलं असेल," नाना म्हणाले. "बाकी सगळं आलं."

साहेबांची गाडी कधी गेली ते मी पाहिलं नाही. लोक हळूहळू पांगले. कोणी नानांचे आभार मानले नाहीत, आणि का मानावेत? रुमल्याभाऊ मात्र परात हातात घेऊन तिथेच उभे होते.

"मग माझा भाऊ कशासाठी मेला?" त्यांनी विचारलं.

नानांनी त्यांच्या हातातली परात घेतली. मग म्हणाले, "त्याने काढलेली माती कुठे शे?"

कोसळलेल्या कडेपाशी ढीग होता. भावाने वर आणून टाकलेला.

"आपण बठ्ठी माटी धुवूत," नाना म्हणाले. "एक दगड ठेवणार नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायला घेतलं. जेसीबी नव्हता. नाना, रुमल्याभाऊ, आमचे दोन वेल्डर, मी, अक्का, आणि नंतर पाड्यातले काही लोक येऊन रांगेत उभे राहिले. टोपली हातातून हातात जात होती. रुमल्याभाऊंची भावजय, मेलेल्या भावाची बायको, तीसुद्धा आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मी तिच्याकडून टोपली घ्यायचे आणि पुढे द्यायचे.  ऊन डोक्यावर आलं, कललं, तेव्हा ढीग संपला. खालची जमीन दिसली. तिच्यावरचा चुरासुद्धा रुमल्याभाऊंनी हाताने गोळा करून टाकला.

चटया काढल्यावर नाना बाजूला झाले. रुमल्याभाऊंनी स्वतः धुतल्या, स्वतः परात फिरवली. बघितलं. परात खाली ठेवली आणि चटईच्या खाचांवरून बोटं फिरवत राहिले. मग खाली बसले आणि रडले. भाऊ गेल्यापासून ते रडले नव्हते, असं त्यांची भावजय मला नंतर म्हणाली.

नाना त्यांच्या शेजारी मातीत बसले. "मी आधी यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "परात घेऊन. कागद बघून आलो. मनी चूक शे, भाऊ."

प्लँटमधून निघालेल्या धुतलेल्या दगडगोट्यांचा मोठा ढीग झाला होता. पुढचे काही दिवस आम्ही तिथेच थांबलो आणि त्याच गोट्यांनी ते खड्डे भरले. नाना प्रत्येक खड्ड्याच्या काठावर उभे राहून आधी वरची कडा तिरकी कापायला लावत आणि मगच माणसाला जवळ जाऊ देत. त्या काठावर आज पुन्हा भुईमूग होतो. जमिनी ज्यांच्या होत्या त्यांच्याच आहेत.

कारखान्याची गोष्ट वेगळी. नानांचे प्लँट सोनं धरत नाहीत, अशी बोलवा उठली आणि ती फार लांब पोचली. ऑर्डरी आटल्या. अर्धी शेड नानांनी चटईवाल्यांना भाड्याने दिली. त्यांना याचं दुःख नव्हतं असं कोणी लिहिलं तर ते खोटं आहे. त्या काळात ते फार कडू झाले होते. अक्कांशीसुद्धा धड बोलत नसत. एक दिवस त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बेटा, दुसरीकडे बघ. माझ्याकडे तुला द्यायला काम नाही." दीपनगरला वीज केंद्रात राख वाहून नेणाऱ्या यंत्रणेचं काम मिळालं, ते मी घेतलं. आजही तिथेच आहे.

मी निघायच्या थोडं आधी रुमल्याभाऊ जळगावला आले. रानातल्या चारोळ्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. अक्कांच्या हातात त्या दिल्या आणि नानांना म्हणाले, "एक विचारायचं होतं. खड्डा कसा खणायचा असतो? पडणार नाही असा?"

नानांनी त्यांना अंगणात नेलं. वाळूची पाटी जमिनीवर ओतली. वाळू घसरली आणि थांबली. "ही आपणहून जिथे थांबली, तो तिचा उतार. त्याच्यापेक्षा उभी कडा ठेवली की ती पडणार. आज नाही तर उद्या." मग ओली वाळू ओतली, मग माती, मग खडे. संध्याकाळपर्यंत दोघं अंगणात ढिगारे करत बसले होते. रुमल्याभाऊ तिथेच राहिले. आधी मदतनीस, मग वेल्डर, मग प्लँट उभा करणारा फिटर.

ऑर्डरी हळूहळू परत आल्या, पहिल्याइतक्या नाही. आता नाना गिऱ्हाइकाला पहिल्या प्रश्नानंतर दुसरा प्रश्न विचारत. "खड्ड्यांच्या कडा कशा आहेत?" फोटो मागवत. उभ्या दिसल्या तर प्लँट रवाना करत नसत. एकाने वैतागून म्हटलं, तुम्ही मशीन विकता की खड्डे? नानांनी फोन अक्कांकडे दिला. त्या तोवर हिंदीत भांडायला शिकल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते. अक्का ताक घेऊन आल्या, तेव्हा काही उरलं नव्हतं. मी पोचले तेव्हा शेडचं दार उघडं होतं आणि वेल्डर बाहेर पायरीवर एका रांगेत बसले होते. कारखाना बंद होईल असं सगळ्यांना वाटलं. तेराव्यानंतर अक्का सकाळी नेहमीच्या वेळी शेडमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. आफ्रिकेच्या ऑर्डरीचा एक प्लँट पूर्ण व्हायचा होता, तो पूर्ण झाला.

तो प्लँट घेऊन रुमल्याभाऊ आफ्रिकेत गेले. त्यांचा पासपोर्ट काढायला अक्काच सोबत फिरल्या. मागच्या महिन्यात त्यांचा मला फोन आला. मागे मोठा आवाज होता, पंपाचा असावा, म्हणून ते ओरडून बोलत होते.

"ताई, नदी मोठी आहे. आपल्या तापीसारखी. सोनं आहे. मी स्वतः धुऊन बघितलं."

"प्लँट सुरू केला का?"

"नाही. कडा उभ्या होत्या. खाली पोरं उतरलेली. सगळ्यांना वर काढलं आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. म्हटलं, आधी कडा उतरत्या करा, मग ढोल फिरेल."

"ऐकलं त्यांनी?"

"शिव्या दिल्या," रुमल्याभाऊ म्हणाले. "त्यांच्या भाषेत दिल्या, तरी कळल्या. मग फावडी घेतली."